सुतक न पाळलेला भाऊ

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती पोपटीच्या वासाने. थंडी पडली की आमच्याकडे शेताशेतांत मडकी लागतात. वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, सोबत भांबुर्डीचा पाला. मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. रायगडच्या माणसाला पोपटीचं आमंत्रण मोडवत नाही. मी निवृत्त झाल्यापासून सरळ मोडतो. लोकांना वाटतं, साहेबांना पित्ताचा त्रास आहे. वाटू दे.

त्या वेळी मी पेण पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली, ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी पुढे ठेवली आणि चहा आला. पासपोर्टची पडताळणी पाहणारे आमचे हवालदार रोह्याशेजारी वरशाला राहत आणि रोज गाडीने पेणला येत. माणूस कामाला चोख, पण तोंडाला कुलूप नाही. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मेहुण्याच्या शेतावर पोपटी झाली होती. तिचं वर्णन शेंगेशेंगेनिशी करून झाल्यावर ते म्हणाले,

"पण साहेब, आजकालच्या पोरांना सुतकाचं काय राह्यलं नाय. आपल्या खाडीकडच्या पेशंट पोरीचा तो चुलतभाव, ज्याची मी पडताळणी केली, तो होता की पोपटीला! तंगडी हातात घेऊन बसलेला. मला बघून दबकला, पण तंगडी काय खाली ठेवली नाय."

"तो तिथे कोणाच्या ओळखीने आला?"

"मेहुण्याच्या पोराचा दोस्त. धाटावला कंपनीत कंत्राटावर हाय, शिफ्टला जातो. पोरांना सांगत होता, पुढल्या वर्षी माझ्या वाटणीच्या शेंगा तुमीच खावा, मी काय आता यायचा नाय."

हवालदार हसले. मला हसू आलं नाही.

आधी ती मुलगी कोण, ते सांगतो. पेणच्या खाडीकडे एक मिठागरांचं गाव आहे. तिथल्या एका विधवा बाईची ही एकुलती एक मुलगी. बाई मिठागरावर काम करायची आणि मुलगी पेणच्या कॉलेजात शिकत होती. तिच्या डोक्यात, मेंदूच्या तळाशी, गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा जागच्या गाठीवर जो उपचार लागतो तो परदेशातल्या एका इस्पितळात होतो. तिथे पाठवायचं तर खर्च सरकारने उचलायला हवा, आणि तसा तो विशेष बाब म्हणून उचलता येतो. पण विशेष बाब म्हणजे काय, हे ज्याने सरकारी कचेरीत चपला झिजवल्या आहेत त्यालाच कळेल.

इथे एक माणूस मदतीला आला. पेणमध्ये त्याने छोटं कार्यालय थाटलं होतं आणि स्वतःला तो रुग्णसेवक म्हणवून घेई. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. त्याने त्या मुलीची फाईल खरोखरच मंजूर करून आणली. हे मान्य करायलाच हवं. तो नसता तर ती फाईल हलली नसती. शिवाय पेशंटच्या घरचा तो चहासुद्धा घेत नसे. त्यामुळे गावोगावी त्याला देवमाणूस म्हणत. पोलिसात आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र फुकट काम करणाऱ्याची थोडी भीतीच वाटते.

मंजुरीत मुलीबरोबर जवळच्या एका नातेवाईकाचा खर्चही धरलेला होता. तो नातेवाईक म्हणजे मुलीचा चुलतभाऊ. त्याच्या पासपोर्टची पडताळणी आमच्या ठाण्याकडे आली. हवालदार गावात जाऊन आले, पोलीस पाटलांनी ओळख दिली, शेजाऱ्यांचे जबाब झाले आणि कागद माझ्या सहीसाठी टेबलावर आले.

त्याच सुमारास मी त्या गावात गेलो होतो. खाडीचं पाणी अडवणारी खारबंदिस्ती फुटल्यावरून दोन आळ्यांत मारामारी झाली होती, तिच्या चौकशीसाठी. त्या मुलीच्या भावकीतला सगळ्यात थोरला म्हातारा नुकताच गेला होता आणि अख्खी भावकी सुतकात होती. घराघरांतले देव झाकलेले, चुलीवर फोडणी नाही, बाप्ये ओट्यावर गुडघ्यांना मिठी घालून बसलेले. तिथेच ती मुलगी मला पहिल्यांदा दिसली. एक डोळा जरा तिरका झालेला, चालताना भिंतीला हात. पण जीभ शाबूत होती.

"साहेब, तिकडच्या लोकांचं जेवण अळणी असतं ना?" तिने मला विचारलं.

"मी कुठे गेलोय?" मी म्हटलं.

"मग मी आमचं मीठ घेऊन जानार हाय. विमानवाले काढून घेतील काय हो?"

मी म्हटलं, मिठावर कुठला गुन्हा लागत नाही. ती हसली. आईने लगेच तोंड वळवलं. त्या वेळी मला वाटलं, आजाराचं दुःख आहे.

आता हवालदारांचं बोलणं ऐकताना ते ओट्यावर बसलेले बाप्ये डोळ्यांपुढे आले. आमच्या भागात माणूस मालकाशी खोटं बोलेल, तलाठ्याशी बोलेल, पोलिसांशी तर हमखास बोलेल. पण सुतक असताना कोंबडीची तंगडी तोंडाला लावणार नाही, आणि लावलीच तर चार माणसांत नाही. ज्याला सुतक लागतच नाही, तोच एवढ्या निवांतपणे खाऊ शकतो. शिवाय पेशंटबरोबर गेलेला माणूस पेशंटबरोबर परत येतो. "मी काय आता यायचा नाय" हे त्याने कशाच्या जोरावर म्हटलं?

मी सही केली नाही. रोहा पोलिसांना कळवून त्या मुलाला बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा कंपनीचा युनिफॉर्म अंगावरच होता. पंचविशीतला, काटक, घाबरलेला पण उद्धट नाही. मी त्याला समोर बसवलं आणि पाणी दिलं. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव असा की आवाज चढला की समोरचा माणूस कान मिटून घेतो. मी गप्पा मारल्यासारखं विचारत गेलो. बहिणीची शाळा कुठली? सांगितली. लहानपणी ती कुठून पडली होती? आगराच्या बांधावरून, डाव्या हनुवटीला खूण आहे. आजी कशी गेली? ताप येऊन, भरती होती म्हणून होडीतून पेणला आणताना. तिला काय आवडतं? निवट्यांचं कालवण, पण काटे आई काढून देते. गणिताच्या बाई कोण होत्या, तेही त्याने सांगितलं.

एकाही उत्तराला तो अडला नाही. आणि तिथेच माझी खात्री पटली. मला दोन सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्या गणिताच्या बाई कोण होत्या, हे मला आजतागायत माहीत नाही. खऱ्या भावाला बहिणीबद्दल एवढं कधीच माहीत नसतं. त्याने ते कधी पाठ केलेलं नसतं.

मी विचारलं, "भावकीतले थोरले आजोबा गेले. तू सुतक पाळलंस?"

त्याने पाण्याचा पेला हातात घेतला.

"वरशाच्या पोपटीत कोंबडी चांगली झाली होती म्हणे."

त्याची मान खाली गेली. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. मग म्हणाला, "साहेब, मी त्यांच्यातला नाय. मी रोह्याजवळच्या निडीकडचा."

पुढचं भडाभडा बाहेर आलं. मुलीचा खरा चुलतभाऊ लहानपणीच बापाबरोबर गुजरातेत गेला, त्याचा पत्ता नाही. त्याचंच नाव या मुलाला लावलं होतं. रुग्णसेवक पेशंटकडून चहा घेत नसे, कारण त्याचा धंदा पेशंटवर नव्हताच. पेशंटच्या बाजूच्या खुर्चीवर होता. सरकारी खर्चाने, आजारी माणसाचा नातेवाईक म्हणून व्हिसा मिळवून कोणाला तरी तिकडे न्यायचं. तिथे त्या माणसाने पेशंटला इस्पितळात पोहोचवायचं आणि निघून जायचं. पुढे कुठल्याशा हॉटेलात भांडी, कुठे बांधकाम. या मुलाच्या बापाने त्यासाठी भाताची जमीन विकली होती.

"तिच्याबद्दलचं एवढं सगळं तुला कोणी शिकवलं? त्या माणसाने?"

"नाय. तिनंच. व्हिसाच्या वेळी विचारतात म्हणून मला त्यांच्या घरी जायला सांगितलं व्हतं. ती रोज एकेक सांगायची. चुकलो की परत विचारायची. भाऊबीजेला ओवाळलं पण मला. दादा बोलते ती."

"म्हणजे तू भाऊ नाहीस, हे तिला माहीत आहे."

"व्हय."

"आणि तू तिला तिथे सोडून जाणार, हे?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "नाय साहेब. तिला वाटतं मी थांबनार हाय."

खोलीत लेखनिक होता, त्याचं लिहिणं थांबलं. मला त्या पोराचा भयंकर राग आला. त्याच वेळी त्याची कीवही आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाही राग आला. मी त्याला विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी तिच्या उशाशी कोण असणार होतं? तो म्हणाला, मी तेवढा विचारच केला नव्हता. ते खरं असावं. माझ्या नोकरीत मी पाहिलेली बहुतेक पापं माणसांनी पुढचा विचार न केल्यामुळे झालेली आहेत.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पुरावा गोळा करायला हवा होता. रुग्णसेवकाने आधी कोणाकोणाला पाठवलं त्याची माहिती काढत आम्ही गागोदे बुद्रुकच्या पलीकडच्या एका गावात पोहोचलो. तिथे वाल-भाताची शेती करणारा एक म्हातारा खाटेवर होता. त्याला असंच परदेशी नेलं होतं आणि सोबत गेलेला 'पुतण्या' दुसऱ्या दिवशी गायब झाला होता. म्हाताऱ्याला तिकडची भाषा येईना. दुखतंय कुठे हेसुद्धा हातवारे करून सांगायचं. शेवटी वकिलातीतल्या कोणीतरी त्याला परत पाठवलं.

"बाबा, तुम्ही तक्रार का नाही केली?" मी विचारलं.

"कुनाची करू?" तो छताकडे बघत म्हणाला. "पुतन्या हाय म्हनून सही आमीच दिली. खोटं तर आमीच बोललो."

हे त्या धंद्याचं खरं कुलूप होतं. फसलेला माणूस स्वतःच गुन्ह्यात भागीदार. तो कुठल्या तोंडाने ठाण्याची पायरी चढणार?

रुग्णसेवकाला मी ताब्यात घेतलं, तेव्हा तो जराही डगमगला नाही. त्याने रुमालाने खुर्ची पुसली आणि बसला.

"साहेब, मला आत टाका. पण मग ती मुलगी जात नाही, एवढं लक्षात घ्या. घरात बाप नाही, भाऊ नाही. आई अंगठेबहाद्दर. कागदावर सही कोण करणार? शिकलेला पुरुष नातेवाईक लागतो. मी तो उभा केला. मी नाटक केलं नसतं, तर ती मुलगी इथेच मेली असती."

"आणि तिथे एकटी मेली असती तर?"

"तिथे डॉक्टर असतात," तो म्हणाला.

त्याच्या त्या उत्तराने माझं डोकं फिरलं, हे लपवत नाही. त्याला कोठडीत पाठवून मी खुर्चीत बसून राहिलो. गुन्हा दाखल करणं हे माझं कर्तव्य होतं आणि ते मी करणारच होतो. पण सोबती खोटा ठरला की मंजुरी लटकणार, मंजुरी लटकली की मुलगी लटकणार. ती बरोबर नेणार होती त्या मिठाची आठवण येत राहिली.

शेवटी मी मुंबईला आरोग्य खात्यात फोन लावला. परदेशी पाठवण्याची प्रकरणं पाहणाऱ्या एक बाई अधिकारी होत्या. त्यांना मी विचारलं, सोबत जाणारा नातेवाईक शिकलेलाच लागतो का? पुरुषच लागतो का?

त्या म्हणाल्या, "असं कुठे आहे? जवळचा नातेवाईक पाहिजे, एवढंच. आईपेक्षा जवळचं कोण असतं? तिथे दुभाषा देतात. तिला सही येत नसेल तर अंगठा चालतो."

"मग आईचं नाव का नाही आलं?"

"आमच्याकडे भावाचंच आलं. आम्हाला वाटलं, आई जायला तयार नसेल."

मी फोन ठेवला. एवढं सगळं खोटं, आणि त्याची गरजच नव्हती. रुग्णसेवकाने एक नियम आपल्या मनाने बनवला आणि अख्ख्या गावाने तो ऐकून घेतला. अंगठा उठवणारी बाई परदेशी जाऊ शकते, हे त्यांच्यातल्या कोणाच्या मनातच आलं नाही. म्हणून कोणी विचारलंही नाही.

आता गावाकडून खरं वदवायचं होतं, आणि तीच सगळ्यात अवघड गोष्ट होती. पोलीस पाटलांपासून शेजाऱ्यांपर्यंत मी एकेकाला वेगवेगळं बसवून पाहिलं. सगळे एकच बोलत, त्याच क्रमाने: "तो त्यांचाच. लहानपनी बापासंगं गेला. आता आलाय." एक शब्द इकडचा तिकडे नाही. अशी जबानी ठरवून दिलेली असते, आणि आमच्या भागात ती ठरवते गावकी. पोलीस पाटील मला ओळखीचे होते. ते शेवटी हळूच म्हणाले, "साहेब, देवापुढं नारळ ठेवून ठरलंय. पोरीसाठीच ठरलंय. आता जो फुटंल तो वाळीत. मी तरी कसा बोलू?"

लोकांना दमदाटी करून उपयोग नव्हता. गावकीने मारलेली गाठ गावकीच सोडू शकते. मी पाटलांना म्हटलं, गावकी बोलवा. मी येतो, जबाब घ्यायला नाही, फक्त सांगायला.

दुपारच्या भरतीला मिठागरावरचं काम थांबलं, तेव्हा माणसं देवळासमोर जमली. भावकीचं सुतक संपलेलं नव्हतं, म्हणून ती माणसं देवळाच्या आवारात न येता कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला बसली. मुलीची आई त्यांच्यात होती. मुलीला कोणी आणलं नव्हतं, ते बरंच झालं.

मी टोपी काढून गाडीत ठेवली आणि उभ्याने बोललो. त्या मुलाने मला काय सांगितलं ते सांगितलं: तिला इस्पितळात सोडून तो निघून जाणार होता. गागोद्याकडच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. मग आरोग्य खात्यातल्या बाई काय म्हणाल्या, ते सांगितलं. आई चालते. अंगठा चालतो.

एक पंच खाकरला आणि म्हणाला, "साहेब, आमी जे सांगितलंय तेच."

तेव्हा कुंपणाबाहेरून आवाज आला. "खोटं हाय ते."

मुलीची आई उभी राहिली होती. त्या गावात बाई गावकीत बोलत नसे. तिच्या शेजारच्या म्हातारीने तिचा पदर ओढला. "गप बस गो! वाळीत टाकतील."

"टाकू दे," ती म्हणाली. "तो आमचा नाय. निडीकडचा पोर हाय. तुमी समद्यांनी माजे पोरीसाठी केलंत, ते मी इसरनार नाय. पन मना कुनी इचारलं काय, तू जाशील काय म्हनून? मना लिवता येत नाय, बोलता येत नाय, समदं खरं. उशाशी बसाला काय साळा लागते काय? माजी पोर परक्या मुलखात एकली पडली असती, आनि मी हितं मीठ ओढीत ऱ्हायले असते."

तिचा आवाज शेवटी फाटला. ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली.

मग तो खाकरलेला पंच उठला. देवळाकडे तोंड करून त्याने हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं, बहुधा देवाची माफी. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिवून घ्या साहेब. पयलं नाव माजं लिवा." त्याच्यामागे सगळे उठले. बाईला वाळीत कोणी टाकलं नाही. हवालदार संध्याकाळपर्यंत जबाब लिहीत होते. मी नोकरीत पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले, पण गावाने आपणहून गुन्हा उघड केलेला मला पाहायला मिळाला तो एकदाच.

इथे गोष्ट संपली असती तर मीही पोपटीला जात राहिलो असतो.

गुन्हा दाखल झाला: फसवणूक, बनावट कागदपत्रं, पासपोर्ट कायदा. पण गुन्हा दाखल झाला की फाईल तपासाखाली जाते. खात्याने मंजुरी फेरतपासणीला घेतली. आईचा पासपोर्ट नव्याने काढायचा. तिची पडताळणी मी स्वतः केली, त्याच दिवशी पाठवली. मुंबईला माणूस धाडला, त्या बाई अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा फोन केले. सगळे मदत करत होते. कोणी अडवत नव्हतं. तरीही वेळ जात होता, आणि गाठीला फेरतपासणी वगैरे काही कळत नाही. मुलीचा दुसरा डोळाही तिरका झाला. पुढे ती मीठ-पाण्याची चव ओळखते की नाही, अशी शंका डॉक्टरांना येऊ लागली.

दोघी गेल्या तेव्हा आंब्याला मोहोर येऊन गेला होता. मी सोडायला गेलो नाही. आईने पाटलांच्या मोबाईलवर फोन करून मला एकच निरोप दिला होता: "पोचलो. उशाशी बसले."

मुलगी तिकडेच वारली. उपचार सुरू झाला होता, पण उशीर झालेला होता, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं.

परत आल्यावर आई ठाण्यात आली. तपासाच्या कामासाठी तिला बोलावणं भाग होतं. मला तिच्यासमोर बसवेना. तिने पिशवीतून कापडाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

"मीठ तसंच हाय सायब. तिला तोंडानं खायालाच देत नव्हते. नळीतनं घालायचे. तिची जीभ मी ओली करायचे, तवा येकदा त्यातला खडा लावला. हसली. वळखलं तिनं."

मी म्हटलं, "मावशी, मी गुन्हा दाखल केला नसता तर ती लवकर तिकडे गेली असती."

ती म्हणाली, "गेली असती. एकली गेली असती."

हे तिने मला दिलासा द्यायला म्हटलं की हिशेब म्हणून म्हटलं, ते मला कळलं नाही. आजही कळत नाही. पुरचुंडी तिने परत पिशवीत ठेवली आणि निघून गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माझ्याकडे मोठं काही नाही. पोलिसाची कायद्याशी गाठ पडते, आणि कायद्याच्या वाटेत एखादं माणूस उभं असलं की त्याला चुकवून जाता येत नाही. मी जे केलं ते परत करेन. पण ते करून छातीवरचं ओझं उतरतं असं जे म्हणतात, ते खोटं आहे. दुसरी गोष्ट अशी की फसवणाऱ्याला फार डोकं लागत नाही. साध्या माणसांनी एकमेकांसाठी जीव टाकलेला असतो, तो तो वापरून घेतो. आणि तिसरी, जी मी नंतर प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला सांगत आलो: नियम काय आहे ते आधी विचारा. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या वतीनेही विचारा.

खटला उभा राहिला तेव्हा साक्षीसाठी मी पेणच्या कोर्टात गेलो होतो. आवारात वडाखाली आरोपी बसले होते. रुग्णसेवक पांढऱ्या शर्टात, वकिलाशी बोलत. निडीकडचा तो मुलगा लांब, एकटा. जामिनावर सुटल्यापासून त्याची कंपनीतली जागाही गेली होती. त्याने डोकं तुळतुळीत केलेलं होतं, मिशीसुद्धा काढली होती. आमच्याकडे असं घरातलं कोणी गेल्यावर दहाव्याला करतात.

मला वाटलं, ज्याने जमीन विकली तो बाप गेला. मी जवळ जाऊन विचारलं, "कोण गेलं रे?"

तो उठून उभा राहिला. "बहीण, साहेब. गेली ते मला पंधरा दिवसांमागं कळलं. तिचं गावात दहावं होऊन गेलेलं, आनि कळलं असतं तरी तिथं मला कोन येऊ देनार? मी रोह्याला नदीवर एकट्यानं केलं. सुतक पण पाळलं सगळं."

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला आणि आम्ही आत गेलो. सरकारी वकिलांनी आरोपपत्रातला उतारा वाचून दाखवला. तो मीच लिहिला होता: सदर आरोपीचे मयत मुलीशी कोणतेही नाते नाही. हे खरं आहे का, असं त्यांनी मला शपथेवर विचारलं. मी त्या मुलाच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि खरं आहे म्हणून सांगितलं.